शाळेचे अंगण आणि शिशाची धूळ

(प्राथमिक शिक्षकांच्या तालुका संमेलनात दिलेले व्याख्यान)



शाळेतील आरोग्यशिक्षण म्हटले, की नखे, दात, केस, पिण्याचे पाणी, उघड्यावरचे अन्न, माश्या आणि डास एवढे विषय आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. दर जूनमध्ये आपण ते फळ्यावर लिहितो आणि परिपाठाच्या वेळी मुलांची नखे पाहतो. ही प्रथा उत्तम आहे आणि ती चालू राहिली पाहिजे. परंतु या सर्व विषयांतील शत्रू सजीव आहेत. जंतू उकळत्या पाण्याने मरतात, उन्हाने मरतात. जंतांवर गोळी आहे, डासांवर धुरळणी आहे. आज ज्या शत्रूविषयी मला बोलावयाचे आहे तो निर्जीव आहे. त्याला मारता येत नाही, कारण तो मुळी जिवंतच नाही. हा शत्रू म्हणजे शिसे. शाळेचे अंगण, देवळाचा पार, हमरस्त्याची कड, भंगाराचा ढीग अशा सर्वांच्या वापराच्या जागी साठणारी शिशाची धूळ मुलांचे काय करते आणि ती रोखण्यासाठी शिक्षकाला काय करता येते, एवढाच माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम या धातूंच्या कुळाचा परिचय करून घेऊ. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम इत्यादी धातूंना ‘जड धातू’ असे सामान्य नाव आहे. आर्सेनिक हा पुरता धातू नसला तरी त्यालाही याच पंगतीस बसवितात. लोह, तांबे, जस्त हे धातू अल्प प्रमाणात आपल्या शरीराला हवे असतात. शिसे, पारा व कॅडमियम यांचा मात्र मानवी शरीराला कसलाही उपयोग नाही. शिवाय हे सर्व मूलद्रव्ये आहेत. पालापाचोळा कुजतो, शेणाचे खत होते, मेलेल्या जनावराचीही माती होते. परंतु शिशाचे शेवटपर्यंत शिसेच राहते. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईल, पाण्यात गाळ होऊन बसेल, वाऱ्याने उडेल. नाहीसे होणार नाही. म्हणून आजोबांच्या काळी एखाद्या जागी पडलेले शिसे आज नातवाच्या हाताला लागू शकते.

असा हा धातू माणसाने इतका का वापरला, हेही समजून घेतले पाहिजे. तो मऊ आहे, गंजत नाही, स्वस्त आहे आणि अवघ्या ३२७ अंश सेल्सियसला वितळतो. लोखंड वितळविण्यास पंधराशे अंशांहून अधिक उष्णता लागते. शिसे घरच्या चुलीवर, लोखंडी कढईत वितळते. कोळ्याच्या जाळ्याचे वजन, नळाचा सांधा, बंदुकीची गोळी आणि मोटारीची बॅटरी यांत ते त्यामुळेच आले. रंगांतही त्याची मोठी मातबरी होती. पांढरा सफेदा, तांबडा शेंदूर आणि लेड क्रोमेट हा पिवळाधमक रंग, ही तिन्ही शिशाचीच संयुगे. याउलट, ज्या वस्तूला आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो तिच्या आत शिसे नाहीच; तेथे ग्राफाइट, म्हणजे कार्बन असतो. नावात आहे तेथे ते नाही आणि जेथे आहे तेथे त्याचे नाव कोणी घेत नाही, अशी या धातूची रीत आहे.

मुलांना शिशाची बाधा कशी होते हे ज्यांनी प्रथम ओळखले, त्यांची हकिकत आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातील शिक्षकांनी अवश्य ऐकावी. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिस्बेन येथील डॉक्टरांकडे काही मुले येऊ लागली. कोणाच्या पोटात कळा येत, कोणाचे मनगट लुळे पडे, कोणाची दृष्टी जाई. हा शिशाचा विकार आहे हे डॉ. जेफरिस टर्नर यांनी ओळखले. पण शिसे येते कोठून, हे कोडे होते. पाणी तपासले, भांडी तपासली. अखेर १९०४ मध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्यांनी बोट ठेवले ते घरांच्या ओसरीच्या कठड्यांवर. तेथील घरे लाकडी, त्यांना सफेद्याचा रंग. कडक उन्हाने त्या रंगाची भुकटी होई, कठड्याला धरून खेळणाऱ्या मुलांच्या तळहाताला ती लागे आणि नखे कुरतडणाऱ्या, अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या पोटात जाई. पुष्कळांना हे पटले नाही. मुलांच्या हाताच्या टप्प्यातील अशा रंगाला बंदी करणारा कायदा तेथे १९२२ मध्ये झाला. कारण कळणे आणि त्यावर उपाय होणे यांमध्ये १८ वर्षे गेली.

या कुळातील अन्य धातूंचा इतिहासही असाच आहे. जपानमध्ये मिनामाता येथील रासायनिक कारखान्याने उपसागरात सोडलेल्या पाण्यातील पारा माशांत साठला; मासे खाणाऱ्या मांजरांना झटके येऊ लागले, ती नाचल्यासारखी फिरून मरू लागली आणि १९५६ मध्ये माणसांतील रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याच देशात जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती करणाऱ्या लोकांची हाडे खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे ठिसूळ झाली. रोगी वेदनेने विव्हळत, म्हणून त्या रोगाला त्या विव्हळण्याचेच नाव पडले. या घटना भयंकर खऱ्या. परंतु त्या दिसणाऱ्या होत्या. शिशाचा नेहमीचा अपाय याहून लपलेला आहे, आणि तो उघडकीस आणण्यात शिक्षकांचा वाटा होता.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी एक युक्ती योजली. रक्तातील शिसे महिन्या-दोन महिन्यांत कमी होते. पण हाडांत आणि दातांत ते टिकते. म्हणून पहिली-दुसरीतील मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले आणि त्यांतील शिसे मोजले. ही मुले वरकरणी निरोगी होती. त्याबरोबर त्यांनी दोन हजारांहून अधिक मुलांविषयी त्यांच्या वर्गशिक्षकांना साधे प्रश्न विचारले. मुलाचे लक्ष चटकन विचलित होते काय? हाती घेतलेले काम तो तडीस नेतो काय? एक साधी सूचना त्याला पाळता येते काय? एकापाठोपाठ दिलेल्या सूचना लक्षात राहतात काय? तो उतावळा आहे काय? स्वतःच्याच तंद्रीत असतो काय? कोणाच्या दातात किती शिसे आहे, हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातातील शिसे जसजसे वाढत होते तसतशी शिक्षकांची तक्रारही पायरीपायरीने वाढत होती. त्याच मुलांपैकी काहींचा पुढे मागोवा घेतला तेव्हा, १९९० मध्ये असे दिसले, की ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते त्यांनी माध्यमिक शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता सुमारे सातपट होती.

बंधुभगिनींनो, या प्रयोगाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. डॉक्टरांच्या तपासणीत ज्या मुलांत काही दोष आढळला नसता, त्यांचे नुकसान शिक्षकाच्या नजरेला दिसत होते. शिक्षकाला फक्त त्याचे कारण ठाऊक नव्हते. आपल्याकडेही अशा मुलाला ‘मठ्ठ’, ‘धांदरट’, ‘द्वाड’ ही विशेषणे लागतात आणि बहुधा आयुष्यभर चिकटून राहतात.

आता थोडे गणित करू. हे वरच्या वर्गालाही घालण्याजोगे आहे. रक्तातील शिसे दर १०० मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे दहा लाख मायक्रोग्रॅम. वीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे दीड लिटर रक्त असते. दर १०० मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसे धरले तर त्याच्या सर्व रक्तात मिळून ७५ मायक्रोग्रॅम शिसे झाले. मिठाच्या एका बारीक कणाचे वजन जवळपास एवढेच भरते. म्हणजे एक ग्रॅम शिसे तेरा हजारांहून अधिक मुलांच्या रक्तात ही पातळी निर्माण करण्यास पुरेल. आणि मोटारीच्या एका बॅटरीत तर ते कित्येक किलो असते. ही पातळी लहान समजू नये. अमेरिकेत १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चिंतेचे कारण मानीत नसत. जसजसे ज्ञान वाढले तसतशी ही रेषा खाली आली : १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये साडेतीन. शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मोठ्यांपेक्षा मुलांनाच याची बाधा अधिक का व्हावी? याची कारणे तीन. पहिले, मूल जमिनीजवळ वावरते आणि त्याचा हात वारंवार तोंडात जातो. दुसरे, पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या शरीरात जेवढा भाग शोषला जातो त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मूल शोषून घेते. तिसरे, शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. ते हाडांत साठविले जाते आणि मेंदूची घडण चालू असते तेथेही शिरकाव करते. ज्या मुलाच्या अंगात लोह कमी, त्याचे आतडे शिसे अधिक ओढून घेते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. ज्यांच्या ताटात कमी आहे त्यांच्याच अंगी हे विष अधिक लागते, ही यातील सर्वांत दुःखाची गोष्ट होय. बाधा फार झाली तर शरीरातील शिसे काढणारी औषधे आहेत आणि ती प्राण वाचवितात. परंतु गेलेली बुद्धी ती परत आणून देत नाहीत. म्हणून प्रतिबंध हाच येथे खरा उपचार आहे.

आपल्या देशात अनेक वर्षे पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे. १९९८–९९ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील बालकांचे रक्त तपासले, तेव्हा बहुसंख्य बालकांत ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगात सर्वांत शेवटी २०२१ मध्ये अल्जीरियाने शिशाचे पेट्रोल बंद केले. हा मोठाच विजय होय. तथापि जुन्या हमरस्त्यांच्या कडेला जे शिसे पडले ते मातीत राहिलेच. २०२० मध्ये युनिसेफ व ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांपैकी एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम अथवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला आहे; त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. पेट्रोल सुधारल्यावरही ही संख्या एवढी का, याचे एक प्रमुख उत्तर म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याचा धंदा.

हा धंदा वस्तीत शिरला म्हणजे काय होते, ते पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात दिसले. डाकार शहराजवळ थियारोय-सुर-मेर ही मच्छीमारांची वस्ती आहे. तेथे एका मोकळ्या जागेवर वर्षानुवर्षे बॅटऱ्या फोडल्या जात. शिशाचे भाव चढले तेव्हा लोकांच्या ध्यानी आले, की त्या जागेची मातीसुद्धा शिशाने भरलेली आहे. स्त्रिया ती माती चाळून शिशाचे कण वेचू लागल्या. मातीची पोती घरोघर गेली, अंगणात चाळली गेली. आईच्या पाठीवरचे मूल त्या धुळीतच श्वास घेत होते. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे १८ बालके दगावली. त्या माउलींनी चोरी केली नव्हती, आळस केला नव्हता. घरात चार पैसे यावेत म्हणून कष्टच केले होते. मातीत विष आहे हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

माणसाच्या आधी इतर प्राणी ही सूचना देतात, ती वाचता आली पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्स या बंदरगावात डिसेंबर २००६ पासून पक्षी आकाशातून पडून मरू लागले, हजारो मेले. चौकशीत कळले, की बंदरातून निर्यात होणाऱ्या शिशाच्या खनिजाची धूळ गावभर पसरली होती. फुलांतील मध पिणाऱ्या पक्ष्यांना ती आधी बाधली. पुढे गावातील पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्यांत आणि मुलांच्या रक्तातही तेच शिसे आढळले. आपल्या खेड्यात हीच सूचना गुरे देतात. टाकून दिलेली फुटकी बॅटरी गुरे चाटतात. अशा जनावराला दिसेनासे होते, ते दात खाते, भिंतीला डोके टेकून उभे राहते, झटके येऊन मरते. पशुवैद्यांना हा विकार चांगला परिचित आहे. एका ठिकाणची दोन गुरे अशी गेली, तर त्या ठिकाणी खेळणाऱ्या मुलांचा विचार त्याच दिवशी केला पाहिजे. मातीतील गांडुळे शिसे गिळतात आणि त्यांना टिपणारे पक्षीही त्यातून सुटत नाहीत. पालेभाज्यांवर व मुळांवर शिशाची माती चिकटून राहते आणि ताटात येते.

आता आपण आपल्याच गावात फेरी मारू. शाळेची जुनी इमारत, खिडक्यांचे गज, दारे, फाटक यांवर थरांवर थर तैलरंग चढलेला असतो. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या रंगाला असे बंधन नव्हते. म्हणून जुन्या रंगाचे पोपडे सुटत असतील तर ते शिशाचे आहेत असेच समजून वागावे. घसरगुंडी, झोपाळा यांचे पिवळे, नारिंगी, तांबडे रंग विशेष संशयास्पद. कारण वरील नियम औद्योगिक वापराच्या रंगांना लागू नाहीत आणि लोखंडी कामावर पुष्कळदा तेच फासले जातात. शाळेच्या पुढे गावाचा पार. शेंदूर हे परंपरेने शिशाचेच संयुग होय. बाजारात आता त्याच नावाने निरनिराळी रंगद्रव्ये विकली जातात आणि कोणता कोणत्या जातीचा हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. येथे कोणाच्या श्रद्धेचा प्रश्न नाही. शेंदूर लागलेला हात धुऊन मग प्रसाद घ्यावा, एवढी शिस्त देवाच्या दारी शोभणारीच आहे. त्यापुढे तळे अथवा नदीचा डोह. मूर्तींना विषारी रंग देऊ नयेत अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये दिल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. शाळेच्या गणपतीपासून त्यांचे पालन सुरू करणे आपल्या हाती आहे. शेवटी बाजारपेठेच्या टोकाला गॅरेज आणि भंगाराचे दुकान. धोक्याच्या दृष्टीने या फेरीतील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण हेच होय.

मग शिक्षकाने करावे काय? मी सात गोष्टी सुचवितो.

पहिली, रंगकामाविषयी. सुट्टीत लोकवर्गणीतून शाळा रंगविण्याची आपली प्रथा कौतुकास्पद आहे. बोलक्या भिंतींनी शाळांना कळा आली. परंतु नवा रंग लावण्यापूर्वी जुना रंग पत्र्याने कोरडा खरवडणे किंवा पॉलिशपेपरने घासणे हीच सर्वांत धोक्याची वेळ असते. पृष्ठभाग आधी पाण्याने भिजवावा, खाली जुने प्लॅस्टिक अंथरावे, पोपडे व चिखल गोळा करून पिशवीत घट्ट बांधावा. तो जाळू नये आणि खताच्या खड्ड्यातही टाकू नये. घातक कचरा म्हणून वेगळा ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करावा. जुना रंग दिवटीने जाळून काढू नये. या कामावर मुलांचे श्रमदान कदापि लावू नये. नवा डबा घेताना शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक नसल्याचा छापील उल्लेख पाहूनच घ्यावा.

दुसरी, झाडलोटीविषयी. आपल्या घरी अंगण झाडण्यापूर्वी सडा घालीत आणि जमीन सारवीत. त्यामुळे धूळ बसते, उडत नाही. शाळेतही पाणी शिंपडून झाडावे. फरशी, बाके व खिडक्यांचे कट्टे ओल्या फडक्याने पुसावेत.

तिसरी, मातीविषयी. जुन्या रंगीत भिंतीच्या पायथ्याची आणि हमरस्त्याकडेची उघडी माती मुलांच्या खेळाची जागा असू नये. तेथे स्वच्छ मातीचा थर द्यावा, हरळी लावावी, कडेने कुंपणाची झुडपे लावावीत. परसबाग अशा जागेपासून दूर करावी आणि तिला भरपूर शेणखत द्यावे. सेंद्रिय खताने शिसे मातीत अधिक बांधले जाते. भाजी स्वच्छ धुऊनच शिजवावी.

चौथी, भंगाराविषयी. शाळेतील सौरसंचाच्या वा इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या, जळालेल्या दंडदिव्यांच्या नळ्या, पाऱ्याचे तापमापक वर्गाच्या कोपऱ्यात वा शाळेमागे पडू देऊ नयेत. बॅटरी भंगारात विकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ती विक्रेत्यामार्फतच परत करावी. शाळेच्या वा अंगणवाडीच्या परिसरात कोणी बॅटऱ्या फोडीत किंवा शिसे वितळवीत असेल, तर तो विषय शाळा व्यवस्थापन समितीत लेखी मांडावा व ग्रामपंचायतीस आणि आरोग्य केंद्रास कळवावे.

पाचवी, हात धुण्याविषयी. पोषण आहारापूर्वी साबणाने, वाहत्या पाण्याखाली हात धुवावेत. एकाच बादलीत सर्वांनी हात बुचकळले तर पहिल्याची धूळ शेवटच्याच्या घासात जाते.

सहावी, आहाराविषयी. नाचणी, तीळ, पालेभाज्या, डाळी, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि आरोग्य खात्याकडून येणाऱ्या लोहाच्या गोळ्या यांकडे केवळ नोंदवहीचे काम म्हणून पाहू नये. लोह व कॅल्शियम यांनी भरलेल्या शरीरात शिशाला जागा कमी मिळते.

सातवी, पाठाविषयी. सकाळी वर्गाच्या कडीला व एका चेंडूला निळ्या खडूची भुकटी लावून ठेवावी आणि काही न सांगता मुलांना खेळू द्यावे. मधल्या सुट्टीत ती भुकटी कोणाच्या हातावर, गालावर, वहीवर, डब्यावर पोहोचली ते मुलांनीच मोजावे. न दिसणारी धूळ कशी प्रवास करते, हे यापेक्षा चांगले कोणतेही व्याख्यान शिकविणार नाही.

या सात गोष्टींत अनुक्रम मात्र विसरू नये. हात धुणे सोपे म्हणून आपण तेथेच थांबण्याचा मोह होईल. भंगाराची भट्टी चालूच राहिली, भिंतीचे पोपडे गळतच राहिले, तर मूल दिवसातून किती वेळा हात धुणार? मूळ काढणे आधी, हात धुणे त्याच्या जोडीला.

दोन सावधगिरीच्या सूचना करून मी संपवितो. एक अशी, की आज ऐकलेले हे ज्ञान मुलांवर नवा शिक्का मारण्यासाठी वापरू नये. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाची कारणे अनेक असतात : कमी दिसणे, कमी ऐकू येणे, उपासमार, घरातील दुःख, आणि कधीकधी आपले शिकविणेही. शिशाचा निर्णय केवळ रक्ततपासणीने होतो. ज्याच्या घरी भंगाराचा, रंगाचा वा बॅटरीचा व्यवसाय आहे, ज्याला माती किंवा पोपडे खाण्याची सवय आहे, ज्याच्या पोटात वारंवार दुखते, असे मूल दिसले तर आरोग्य पथकाच्या भेटीच्या वेळी त्याचे नाव आवर्जून सांगावे व तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठविण्याची विनंती करावी. वर्गात त्याची वाच्यता करू नये. अशा मुलाला शिकविणे सोडावयाचे नसते. त्याला एका वेळी एकच सूचना द्यावी, तीच सावकाश पुन्हा सांगावी आणि पूर्ण केलेल्या छोट्या कामाची दखल घ्यावी.

दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. ज्या भट्टीविरुद्ध आपण बोलणार, तिचा मालक किंवा मजूर पुष्कळदा आपल्याच विद्यार्थ्याचा बाप असतो. भंगारावर त्या घराची चूल चालते. सभेत त्याचे नाव पुकारून त्याला गुन्हेगार ठरविले, तर भट्टी गावाबाहेर जाणार नाही. घराच्या मागच्या खोलीत जाईल आणि तेथे त्याची स्वतःचीच मुले निजलेली असतील. म्हणून आधी शिक्षकाने एकट्याने त्याच्या घरी जावे. ‘दादा, तुमच्या धंद्यावर मी उठलेलो नाही, पण या धुराने आधी तुमचाच मुलगा मागे पडेल’, हे त्याला शांतपणे सांगावे. बॅटरी न फोडता अखंड विकणे, कामाचे कपडे घरात न आणणे, अंघोळ करून मगच मुलाला जवळ घेणे, एवढे तरी तो पहिल्या भेटीत मान्य करील. वितळविण्याचे काम वस्तीतून बंद होईपर्यंत मात्र पाठपुरावा सोडू नये. पोलीस व पंचायत यांचा मार्ग शेवटी आहेच; पण शिक्षकाच्या शब्दाला गावात जो मान आहे तो अशाच कामासाठी खर्चावयाचा असतो.

क्वीन्सलँडमध्ये कारण कळल्यापासून कायदा होईपर्यंत १८ वर्षे गेली, हे मी आरंभी सांगितले. त्या १८ वर्षांत तेथील मुलांच्या कितीतरी पिढ्या पहिलीतून निघून गेल्या असतील. आपल्याला आज कारण ठाऊक आहे, कायदेही झालेले आहेत. उरले आहे ते आपल्या शाळेपुरते काम. तेव्हा या संमेलनाहून परतल्यावर प्रत्येकाने शाळेभोवती एक फेरी मारावी, पोपडे सुटलेल्या भिंती, रंगीत खेळसाहित्य, उघडी माती आणि जवळचे भंगार यांची यादी करावी आणि ती शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत ठेवावी, एवढी माझी आपणांस विनंती आहे.